सात तास वीस मिनिटे

रत्नागिरी, १२ नोव्हेंबर १९३३

चि. रावजीस भिकाजीदादाचा आशीर्वाद.

तुझे पत्र नवव्या दिवशी पोचले. इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या डोक्याचे मात्र ठीक दिसत नाही.

आबांना घरी यावेसे वाटते असे लिहिलेस. वाटणारच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या गावात डोळे मिटावेसे वाटतात, यात नवल कसले? सहा वर्षांपूर्वी काकी गेली तेव्हा दोन महिने हवापालट म्हणून तूच त्यांना कराचीला नेलेस, आणि तुझे ते दोन महिने अजून सरायचे आहेत. बाप तुझा असला तरी मला पोरक्याला वाढवले त्यांनीच, मोजणी खात्यात चिकटवले त्यांनीच. तेव्हा त्यांची ओढ मला नाही असे समजू नकोस. पण डॉक्टर म्हणतो ही छाती आगबोटीचा प्रवास सोसणार नाही, म्हणून त्यांना विमानात घालून पाठवतो, हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले आणि आमच्या कमळीला विचारले, तुझा काका कराचीत नोकरी करतो की भांग घोटतो?

विमानतळावर तुझे काम काय रे? पाखरू कधी उडाले आणि कधी बसले ते वहीत लिहायचे. कावळे मोजायलासुद्धा सरकार कारकून ठेवते हे मला तुझ्यामुळे कळले. आणि एवढ्या शिदोरीवर तू मला अंतर शिकवायला निघालास, ज्याने तीस वर्षे साखळी ओढत हा जिल्हा पायाखाली घातला त्याला! ‘कराची आता सात तासांवर आली, दादा.’ कराची आहे तिथेच आहे. जागची हलली आहे ती तुझी अक्कल.

आणि जुहूला म्हणे विमान उतरते. ते जुहूचे खाजण मी १९०८ साली मोजले आहे. आमचा बैल तिथे पोटापर्यंत रुतला होता आणि अख्खी दुपार त्याला काढण्यात गेली. त्या चिखलात तू आबांना वरून सोडणार. धन्य तुझी पितृभक्ती.

आबांना माझा नमस्कार सांग. म्हणावे, पुढे बघू.

भिकाजी


कराची, २४ नोव्हेंबर १९३३

ती. भिकाजीदादांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे पत्र मी आबांना वाचून दाखवले. बैलाचा भाग आला तेव्हा ते खूप हसले, मग खोकला लागला. ‘पुढे बघू’ एवढे दोन शब्द मात्र मी वाचले नाहीत.

दादा, मी कावळेच मोजतो, पण नीट मोजतो. विमान दर शनिवारी पहाटे साडेसहाला इथून सुटते, अहमदाबादेला पेट्रोल घेते आणि दुपारी दोनला दहा मिनिटे कमी असताना जुहूला टेकते. सगळे मिळून सहाशे चाळीस मैल. गेल्या चार फेऱ्यांच्या वेळा माझ्याच अक्षरात आहेत. एकदा सात तास पाच मिनिटे लागली, एकदा समोरच्या वाऱ्यामुळे सात तास चाळीस. उरलेल्या दोन्ही वेळा बरोबर सात तास वीस मिनिटे. जुहूला आता पावसाळा सोडून जमीन कोरडी असते.

टपालाच्या पिशव्यांशेजारी एका माणसाची जागा असते. आबा रोज सकाळी काठी टेकत कुंपणापाशी येऊन बसतात, म्हणून वैमानिक त्यांना ओळखतो. त्याने आपण होऊन मला सांगितले की म्हातारबाबांना मी नेईन, फक्त जुहूला उतरवून घ्यायला घरचे माणूस पाहिजे. जागा एकच असल्याने मला बरोबर येता येणार नाही. तुम्ही मुंबईला याल तर शनिवारी दुपारी आबा तुमच्या हाती आणि रविवारच्या आगबोटीने संध्याकाळी रत्नागिरीत. आगबोटीचा एकच दिवस त्यांना झेपेल असे डॉक्टर म्हणतात. कराचीपासूनचे सगळे दिवस झेपणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, कमळीस आशीर्वाद.

आपला,
रावजी


रत्नागिरी, १० डिसेंबर १९३३

चि. रावजीस आशीर्वाद.

सहाशे चाळीस मैल! तुझे पत्र आल्या दिवशीच मी शाळेतल्या मास्तरांकडून नकाशाचे पुस्तक आणले. कराचीवर दोऱ्याचे एक टोक धरले, मुंबईवर दुसरे, आणि प्रमाणपट्टीला लावून मोजले. साडेपाचशे भरतात. आता मला सांग, वरचे नव्वद मैल कोणी खाल्ले? सरळ रेषेत जाता यावे म्हणून तर माणसाने पंख लावले, आणि तो शहाणा आधी अहमदाबादेला वळसा घालतो. याला आमच्यात द्राविडी प्राणायाम म्हणतात. आमचा साखळी ओढणारा बाबल्या निरक्षर होता, पण एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जायचे तर तो तिसऱ्याच्या शेतात शिरत नसे.

आणि तुझे सात तास वीस मिनिटे! त्यांत जुहू ते धक्का मोजलास का? रात्रभर धक्क्यावर पडून राहणे मोजलेस? इथे आगबोट भर समुद्रात उभी राहते, शिडीवरून पडावात उतरावे लागते, पडावातून खांद्यावर बसून किनाऱ्याला. ते कोणत्या रकान्यात घातलेस? जमीन मोजणाऱ्याने एवढी जमीन गाळली असती तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. तुला मात्र पगार देतात.

आता कामाचे. कमळीचे लग्न ठरले. मुलगा दाभोळचा, बंदरावर नाकादार आहे, माणसे चांगली. फाल्गुन शुद्धात, बहुधा फेब्रुवारीच्या शेवटाला. गेल्या वर्षी जमलेले तिचे लग्न ऐन हळदीच्या आदल्या दिवशी मोडले ते तू विसरला नसशील. आमच्या घराण्यातली कुठली तरी चुलत आजी गेली, दहा दिवसांचे सुतक आले, आणि त्या लोकांनी तेवढ्यात दुसरी मुलगी बघितली. पोर एकोणीस पुरी झाली. आता मला कसलेही विघ्न नको आहे.

तेव्हा स्पष्ट लिहितो. आबा या घरात आले आणि चार दिवसांत काही बरेवाईट झाले तर मांडव उतरवावा लागेल. लग्न होईपर्यंत ते तिकडेच असू दे. सहा वर्षे राहिले, त्यात तीन महिने काय जड आहेत?

भिकाजी


कराची, ५ जानेवारी १९३४

ती. दादांस नमस्कार.

कमळीचे ऐकून आनंद झाला. नव्वद मैल कोणी खाल्ले नाहीत. सरळ रेषेत बहुतेक समुद्रच आहे, तिथे विमान बिघडले तर उतरायला जागा नाही, म्हणून वळसा. तुम्ही दोरा धरलात तिथे खाली पाणी होते.

आबांच्या पायांना सूज आली आहे. कुंपणापर्यंत आता हाताला धरून न्यावे लागते. तरी नेतो, कारण शनिवार आला की ते पहाटेच उठून बसतात. त्यांनी तुम्हाला दोन शब्द सांगितले ते जसेच्या तसे लिहितो.

‘भिक्या, मी काय लगीन मोडाया येत नाय. हितं पानी मचूळ, जमीन सपाट. मानसं चांगली हायत पन माजी नायत. मला हितं मराचं नाय. लगीन होऊ दे. मंग तू ये म्हन, म्हंजे निगतंव.’

त्यांना तुमच्याकडून ‘या’ एवढे ऐकायचे आहे. त्याशिवाय ते निघणार नाहीत. मी म्हटले, घर तुमचे, तुम्ही बांधलेले, बोलावणे कशाला? तर म्हणाले, घर मी बांधलं, पण चूल आता त्याची हाय.

रावजी


रत्नागिरी, १ फेब्रुवारी १९३४

चि. रावजीस आशीर्वाद.

मुहूर्त गुरुवार, २२ फेब्रुवारी. दाभोळकर मंडळी रविवारीच येऊन उतरतील. मांडवाचे बांबू आले, बायका पापड लाटतायत, आणि माझ्या डोक्यावर शंभर कामे असताना तुझी ही आकाशवारी मी कुठवर ऐकायची? आबांना सांग की लग्न उरकले की बघतो. ‘या’ म्हणायचे ते तेव्हा म्हणेन. पत्रातून लग्नाआधी ‘या’ म्हटले आणि तू पुढच्याच शनिवारी त्यांची पिशवी करून धाडलीस तर? तुझा काही नेम नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही नीट ध्यानात ठेव. काहीही झाले तरी या घरी तार करायची नाही. लग्नघरात तारवाला शिरला की तार न वाचताच व्याही चपला शोधायला लागतो. तारेतून कोणाला शुभ वर्तमान येत नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जे कानावर आले नाही त्याचे सुतक नाही, असे आपले भटजीही सांगतात. तेव्हा देव न करो, पण काही घडलेच तर पत्र लिही, आणि ते तुझ्या त्या विमानाने पाठव. म्हणजे ते आधी अहमदाबादेला जाईल, मग चिखलात पडेल, मग एखादा कोळी ते उचलून आणील, आणि वरात, सत्यनारायण, सगळे आटोपल्यावर माझ्या हाती लागेल. तुझ्या विमानाचा घराण्याला तेवढा तरी उपयोग होऊ दे.

भिकाजी


रत्नागिरी, २७ फेब्रुवारी १९३४

चि. रावजीस आशीर्वाद.

कमळीचे लग्न झाले. गुरुवारी सकाळी अक्षता पडल्या, गुरुवारीच संध्याकाळच्या भरतीला मंडळी मचव्यातून दाभोळला गेली. पोर उंबरा ओलांडताना रडली, पण मी सुटलो.

आता तुझ्या पाकिटाविषयी. सोमवारी १९ तारखेला, व्याही ओटीवर पान जमवत बसला असताना, टपालवाला वजीर पायरीशी येऊन म्हणाला, ‘दादानु, कराचीचं विमानाचं आलंय.’ निळी चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर तुझे, कराचीचा शिक्का शुक्रवारचा. रावजी, तुझे विमान आयुष्यात एकदा वेळेवर आले, आणि तेही नको तेव्हा. मी म्हणालो होतो की विमानाने पाठवलेस तर उशिरा येईल. तर तीन दिवसांत ते माझ्या छातीवर येऊन बसले.

पण मीही मोजणी खात्यात उगाच केस पिकवले नाहीत. पत्रात काय असणार ते मला सांगायला नको होते. ते फोडले नाही. नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळीत घातले, झाकण लावले आणि मांडवात येऊन व्याह्याला सुपारी कातरून दिली. न वाचलेले पत्र म्हणजे न ऐकलेली बातमी. यात शास्त्राविरुद्ध काही नाही. भटजीला नुसते ‘एखाद्याने असे केले तर’ म्हणून विचारले, तो हसला आणि म्हणाला, एखादा फार हुशार दिसतो.

अजून फोडलेले नाही. लग्नाचे दिवस उलटले की फोडीन, आंघोळ करीन, जे करायचे ते करीन. आबांनी मला बापाच्या जागी राहून वाढवले, मी त्यांचे काही उणे ठेवणार नाही. तुला राग येईल. येऊ दे. तुझ्या घरात लग्नाची मुलगी नाही, म्हणून तुला आकाशात बघायला सवड आहे.

भिकाजी


कराची, ७ मार्च १९३४

रा. रा. भिकाजीराव, निवृत्त मोजणीदार, रत्नागिरी यांस,

तुमचे २७ तारखेचे पत्र मिळाले. तुमच्या हुशारीची हकीगत मी दोनदा वाचली.

तुम्ही पाकीट नळीत घातलेत त्या सोमवारी आबा जिवंत होते. तुम्ही सुपारी कातरत होतात तेव्हा ते पेज खात होते. त्या पत्रात मी जे लिहिले ते आता इथे पुन्हा लिहितो, कारण नळीचे झाकण काढायला तुम्हाला मुहूर्त लागेल. मी लिहिले होते की डॉक्टर म्हणतात मार्च दिसणे कठीण. लग्न गुरुवारी २२ ला आहे, विमान शनिवारी २४ ला आहे. म्हणजे अक्षता पडून दोन दिवस झाल्यावरच आबा जुहूला उतरतील, लग्नाला काडीचा धक्का नाही. वैमानिकाने जागा राखली आहे. तुम्ही शुक्रवारच्या आगबोटीने निघालात की पुरे. फक्त कराचीला एक तार करा, ‘या’ एवढीच. मीही वेळ मोजली होती. पत्र तुमच्या हाती सोमवारी, तार इथे मंगळवारी, फार तर बुधवारी. त्यात माझे एका दिवसानेही चुकले नाही.

मंगळवारी तार आली नाही. बुधवारी आबांनी धुतलेले धोतर आणि काळा कोट काढून ठेवायला लावला. गुरुवारी म्हणाले, आज लग्न आहे, आज त्याला कुठली सवड. शुक्रवारी मी तुम्हाला तार करायला निघालो, तुम्ही नको म्हटले होते तरी. आबांनी मला जाऊ दिले नाही. म्हणाले, ‘बोलवायचं असतं तर त्यानं बोलावलं असतं. मागून घेतलेलं बोलावणं मला नको.’

शनिवारी पहाटे ते कोट घालून विमानतळावर आले. मी वहीत वेळ लिहायला उभा, ते खुर्चीवर. वैमानिकाने सहा मिनिटे वाट पाहिली. तेवढी वाट तो कोणासाठी पाहत नाही. मग सहा छत्तीसला विमान सुटले. आबांनी ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि मला विचारले, किती वाजता पोचेल? मी वेळ सांगितली. सोमवारी २६ तारखेला दुपारी ते गेले. तार केली नाही. तुमची आज्ञा होती.

आणि एक विचारतो. आपल्याकडे अशुभ पत्राचा कोपरा फाडतात. पाकिटाचाही फाडतात, म्हणजे घेणाऱ्याला हातात घेताच कळावे. ही रीत मला आबांनी शिकवली, तुम्हालाही त्यांनीच शिकवली असेल. मी पाठवलेल्या पाकिटाचे चारही कोपरे शाबूत होते. तीस वर्षे तुम्ही वीतभर सरकलेला बांध लांबून ओळखत होतात. तो कोपरा तुम्हाला दिसला नाही, यावर मी कसा विश्वास ठेवू?

अस्थी इथेच समुद्रात सोडल्या. पाणी तेच आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागायला त्यांना किती दिवस लागतील ते दोरा धरून मोजा. तेवढेच काम तुमच्या लायकीचे उरले आहे.

रावजी


रत्नागिरी, १८ मार्च १९३४

चि. रावजीस,

कोपरा मी पाहिला होता.

वजीरने पाकीट हातावर ठेवले तेव्हा माझी नजर आधी तिथेच गेली. आबा आहेत हे मला तिथेच कळले, पायरीवर. भटजीला विचारले, तुला लिहिले, ते सगळे सोंग होते. भीती सुतकाची असती तर शाबूत कोपऱ्याचे ते पाकीट मी तिथेच फोडले असते. मला वाटले, आबा यायचेच म्हणताहेत, लग्नातच येतो म्हणताहेत, आणि तू मला विचारतो आहेस. फोडले तर नाही म्हणावे लागेल. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून शाळेत नेले त्याला ‘येऊ नका’ अशी तार मला लिहिता आली नसती. आणि ‘या’ लिहायची माझी छाती नव्हती. म्हणून नळीत घातले. नाही म्हणायचे टळले एवढेच मला त्या वेळी दिसले.

काल फोडले. लग्न गुरुवारी, विमान शनिवारी, हे तुझ्या अक्षरात सुरुवातीलाच आहे. मी हो म्हटले असते, रावजी. त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. मी बायकोलाही ते वाचून दाखवले. दाभोळला कमळीला कळवायचे धैर्य मला नाही. तिला तू कळव, आणि माझे काही झाकू नकोस.

तू मला जे जे लिहिलेस ते मी मान्य करतो. फक्त तू एक विचारले नाहीस, ते मी स्वतः सांगतो. शुक्रवारी आगबोट वेळेवर होती. दाभोळकर गेले होते, मांडव सुटला होता, घरात काही काम नव्हते. मी दुपारभर झोपलो होतो.

भिकाजी